रिकाम्या वाडीची ओ

उपग्रहाला वरून पाऊस दिसतो, असा आपला सगळ्यांचा भाबडा समज. त्याला पाऊस दिसत नाही. त्याला ढगाचा माथा दिसतो. घराच्या छपरावर उभं राहून आत किती माणसं जेवताहेत ते सांगावं, तसला हा उद्योग. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग जितका उंच तितका पाऊस दांडगा, असं त्याचं सरळ गणित. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या ढगांना ते बऱ्यापैकी लागू पडतं. सह्याद्रीत मात्र त्याची फजिती होते. इथले पावसाळी ढग बुटके. डोंगराच्या खांद्याला टेकून बसतात, माथा उबदार, पोटात बर्फाचा कण नाही, आणि ओततात मात्र आठ-आठ दिवस. उपग्रह म्हणतो भुरभुर चालू आहे, आणि खाली ओढे फुटलेले असतात.

प्रणिता शेलारने आपली उमेदीची सगळी वर्षं ही फजिती कमी करण्यात घातली होती. साताऱ्याजवळच्या त्या संशोधन केंद्रात ती लागली तेव्हा तालुक्याला धड एक पर्जन्यमापक होता, आणि तोही तहसील कचेरीच्या आवारात, जिथं डोंगरावरच्या निम्माही पाऊस पडत नाही. मग तिची धाकटी सहकारी कुलसुम मुजावर हिने 'छप्पर' बनवलं.

छप्परची कल्पना इतकी साधी होती की आधी कुणाला सुचली कशी नाही, असं वाटावं. पाऊस पडतो तेव्हा वाजतो. पत्र्यावर एक वाजतो, कौलावर दुसरा, गवताच्या शाकारणीवर तिसरा. थेंब मोठा तर आवाज जाड, सरी दाट तर आवाज भरीव. आणि आता डोंगरातल्या शेवटच्या घरातही कुणाच्या तरी उशाशी फोन असतोच. ज्यांनी परवानगी दिली त्यांचा फोन दर पाच मिनिटांनी छपराचा आवाज ऐके, केंद्रातलं यंत्र त्यातून माणसांचं बोलणं वजा करी आणि उरलेल्या पावसाचे मिलिमीटर काढून उपग्रहाला कळवी. तू भुरभुर म्हणालास तिथं घागर पालथी झाली आहे, नीट बघ. असं हजारो छपरांनी कान पिळल्यावर उपग्रह शहाणा झाला. तीन पावसाळ्यांत सह्याद्रीतल्या एकेका कड्याचा पाऊस वेगळा सांगू लागला.

मग हाव सुटली. उपग्रहाची जुनी चित्रं सगळी जपून ठेवलेली होती. जमिनीवरचा जुना आवाज मिळाला, तर होऊन गेलेले पावसाळेही नव्याने मोजता आले असते. केंद्राने लोकांना आवाहन केलं, पावसात फोनवरून पाठवलेले जुने बोलके निरोप असतील तर द्या. निरोपांची रीघ लागली. यंत्र दिवसभर त्यांतला माणूस काढून टाकी आणि पाऊस ठेवून घेई.

काढून टाकलेले आवाज पुसून टाकायचे असा नियम होता. कुलसुमला ते जमेना. तिने ते एका कोपऱ्यात साठवून ठेवले होते, आणि प्रणिताने एकदा दुपारी ते सहज लावले. पावसावाचून ते आवाज कसेतरीच उघडे वाटत. कुणी म्हातारी विचारत होती, दूध पोचलं का. कुणी पुरुष नुसताच हसत होता. यातली किती माणसं आता नाहीत, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.  प्रणिताने ते बंद केलं आणि पुन्हा त्या कोपऱ्याकडे गेली नाही.

तिच्या स्वतःच्या घरात असा एक निरोप होता. तो तिने यंत्राला अजून दिला नव्हता.

*

तिचं गाव जावळीच्या मागच्या डोंगरात. एका खोल दरीच्या दोन अंगांना दोन वाड्या, अल्याडची आणि पल्याडची. आषाढात दरी धुक्याने अशी भरते की समोरचं झाडही दिसत नाही, महिना महिना. म्हणून तिथं हाळी द्यायची रीत. तिन्हीसांजेला अल्याडच्या एका बाईने दरीच्या तोंडाशी जाऊन गळा मोकळा सोडायचा आणि पल्याडहून कुणीतरी ओ द्यायची. हाळीला शब्द नसतो, नुसता लांब सूर. ओ आली की पल्याड सगळं ठीक आहे असं समजायचं आणि चुली पेटवायच्या. नाही आली, तर पुरुषांनी दोर-पहारी घेऊन ओढा ओलांडायचा.

अठरा वर्षांपूर्वी अल्याडची हाळी देणारी होती शालन, प्रणिताची आई. पल्याडहून ओ देणारी तिची सख्खी धाकटी बहीण, इंदूमावशी. दोघी बहिणी समोरासमोर दिलेल्या, आणि गळे असे सारखे की घरचेही फसत. त्या आषाढात चार दिवस पाऊस तुटून पडला, शेवटच्या दुपारनंतर तर आधीच्या सगळ्या दिवसांइतका. चौथ्या दिवशी सांजेला जरा उघडीप झाली तशी शालन दरीवर गेली. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी, काळजीने दिवसभर फोन करत होता. त्याला ऐकवायला म्हणून तिने फोनवर निरोप भरत ठेवूनच हाळी दिली. तीनदा दिली. तीनदा ओ आली. "ऐकलंसा न्हवं? इंदू हाय. समदी हायती," असं सांगून तिने निरोप पाठवला. पुरुषांनी उचललेल्या पहारी परत कोपऱ्यात टेकवल्या.

सकाळी धुकं क्षणभर फाटलं तेव्हा पल्याडची वाडी नव्हती. वरचा डोंगर घसरून सगळी घरं गाडली गेली होती आणि तिथं नागडा काळा कातळ उभा होता. प्रणिता तेव्हा मेढ्याला वसतिगृहात शिकत होती. इंदूमावशी सापडलीच नाही. उरला तो तेवढा निरोप. वडील गेल्यावर त्यांचा फोन आईने जपून ठेवला, आणि इंदूच्या तिथीला ताट वाढून झालं की आई तो निरोप लावी. सगळं घर गप्प बसून मावशीची ओ ऐके. शेवटच्या सांजेला बहिणीने आपल्याला ओ दिली, या एका गोष्टीवर आईने अठरा वर्षं काढली होती.

आणि याच गोष्टीवर सरकारी आकडाही उभा होता. डोंगर किती पाऊस सोसतो आणि कधी मान टाकतो, ते ठरवायला जुन्या दरडींचा हिशेब लागतो. बाकीच्या दरडींची वेळ ढोबळ. पल्याडच्या वाडीची मात्र साक्षीपुराव्यासकट ठरलेली. सांजेला ओ आली, म्हणजे डोंगर त्यानंतर रात्री केव्हातरी आला. म्हणून दरडीचा इशारा द्यायला त्या खोऱ्यात बसवलेल्या सगळ्या भोंग्यांना पल्याडचाच आकडा लावलेला होता. अल्याडच्या वाडीतला भोंगा तर प्रणिताने स्वतः उभा राहून बसवून घेतला होता. "आता अंदाजावर जायचं नाही, भोंगा वाजला की निघायचं," असं तिने वाडीला बजावलं होतं, आणि वाडीने ते मनावर घेतलं होतं.

*

"ताई, पल्याडचा आकडा एकटाच वेडावाकडा पडतोय," कुलसुम एका सकाळी म्हणाली. बाहेर तिसऱ्या दिवसाचा पाऊस लागला होता. "पाऊस नव्याने मोजला तर तसल्याच मातीचे बाकी सगळे डोंगर जवळजवळ एकाच आकड्याला घसरतात. हा एकटा जवळजवळ दुप्पट पाऊस पिऊन उभा राहिला. का?"

"कातळ पक्का असेल."

"कातळ सगळीकडे तोच आहे. मला वाटतं पाऊसच आपण चुकीचा धरलाय. त्या सांजेचा जमिनीवरचा आवाज मिळाला असता, तर—" कुलसुम थांबली. निरोपाबद्दल तिला माहीत होतं, आणि आजवर तिने तो कधी मागितला नव्हता.

प्रणिताच्या फोनमध्ये त्याची प्रत होती. मावशीचा आवाज त्या यंत्राच्या तोंडी द्यायचा, आणि त्याने तो सालासारखा सोलून बाजूला टाकायचा, हे तिला सोसत नव्हतं. पण त्याच खोऱ्यात आज पाऊस चालू होता आणि तिची आई तिथं होती. तिने निरोप दिला.

यंत्राला चार श्वासांचा वेळ लागला. पाऊस निघाला तो अगदी किरकोळ, उघडिपीतला, उपग्रहाच्या जुन्या चित्राशी जुळणारा. म्हणजे पाऊस चुकला नव्हता. खाली वजा केलेल्या आवाजांची नोंद होती. माणसं, एक.

"हे चुकलंय," प्रणिता म्हणाली. "दोघी आहेत. सख्ख्या बहिणी, आवाज सारखे."

 कुलसुमने तिन्ही हाळ्या आणि तिन्ही ओ पडद्यावर एकाखाली एक मांडल्या. "आवाज सारखा असतो ताई. दम सारखा नसतो. आईंचा दुसऱ्या हाळीला मध्येच गळा अडकलाय, इथं. दुसऱ्या ओला पण तिथंच अडकलाय. आणि हे बघा. हाळी आणि ओ यांच्यातलं अंतर तिन्ही वेळा अगदी एक. माणूस ओ देतो तेव्हा कधी लगेच देतो, कधी थांबून देतो. हे केसाइतकंही मागेपुढे नाही." ती हळू आवाजात म्हणाली, "या अंतराने आवाज कुठं जाऊन परत येईल ते मी काढलं. दरीच्या पलीकडचा कातळ येतो."

प्रणिताला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. पल्याडचा उतार म्हणजे दाट झाडी, मऊ माती, गवताची छपरं. तो आवाज गिळायचा, परत द्यायचा नाही. आईची हाळी परत फेकायला समोर नागडा कातळ हवा. आणि कातळ उघडा पडायला वाडी आधीच गेलेली हवी.

आईने सांजेला हाळी दिली तेव्हा पल्याड कोणी नव्हतंच. बाकीचे डोंगर जेवढ्या पावसाला घसरतात तेवढा दुपारीच पडून गेला होता. म्हणजे डोंगर दुपारीच आला होता, निम्म्या पावसात. धुक्यात दिसला नाही, ओढ्याच्या गर्जनेत ऐकू आला नाही. आईला ओ दिली ती आईच्याच आवाजाने.

"आत्ताचा पाऊस किती झालाय?" प्रणिताने विचारलं. 

कुलसुमने आकडा दाखवला. अल्याडच्या भोंग्याच्या हिशेबाने अजून बरीच जागा होती. खऱ्या हिशेबाने कधीच संपली होती.

आकडा बदलायचा तर समितीची बैठक लागते. समितीच्या साहेबांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात विषय घेऊ म्हणाले. मग प्रणिताने वाडीच्या पोलीस पाटलांना, सर्जेरावनानांना फोन लावला. ते हसले. "भोंगा कुठं वाजलाय पोरी? तूच म्हनली हुतीस, भोंग्याबिगर हलू नका." ती गाडीची चावी घेऊन उठली. मागून कुलसुम म्हणाली, "ताई, आईंना सांगणार?" प्रणिता छत्री न घेताच बाहेर पडली.

*

घाटाने तिला दुपारी वाडीत पोचवलं. धुकं असं की आपलंच दार हाताने चाचपून शोधावं लागलं.

"आज कशी गं मधीच?" आई चुलीपुढून उठली. "भिजलीस की. बस, नाचणीची भाकर टाकते."

सर्जेरावनाना ओसरीवर घोंगडं पांघरून बसले होते, आणखी दोघं-तिघं होते. प्रणिताने बसल्या बसल्या सांगितलं की भोंग्याचा आकडा चुकलाय, आजच्या आज वाडी खाली शाळेत हलवायला हवी. नाना ऐकत राहिले. ते अडाणी नव्हते, हट्टीही नव्हते. त्यांनी फक्त विचार केला होता.

"हे बघ प्रणिता. म्हातारी माणसं, गाभण म्हशी, लेकरं. ह्या घसरणीवरनं उतरवायची म्हंजे एखादं तिथंच जायचं. उगा न्हाई हलवता येत. आणि पल्याडची वाडी चार दिस तसला पाऊस झेलून सांजपातूर उभी हुती. शालनवैनीनं हाळी दिली, इंदूनं ओ दिली. आमी समद्यांनी ह्या कानांनी ऐकली. आजचा पाऊस त्याच्या मानानं लई कमी हाय. येळ हाय अजून."

"व्हय," आई आतून म्हणाली. तिच्या आवाजात तो जुना अभिमान होता. "इंदूनं तीनदा दिली ओ. लई खणखणीत."

 नाना बोलत होते ते बरोबरच होतं, फक्त खाली पाया नव्हता. हा पाया काढायचा म्हणजे आईच्या पायाखालची जमीन काढायची. न काढावा तर वाडी बसून राहणार, आणि वाडीत आईसुद्धा. तिला वाटलं, यंत्राने आपल्याला हे कशाला सांगितलं. त्याला फक्त पाऊस विचारला होता.

"आई," ती म्हणाली, "दरीवर चल जरा माझ्याबरोबर. पल्याड हाळी दे."

 आई दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. "काय बोलतीस?"

रिकाम्या जागी हाळी देऊ नये, असं त्या डोंगरात मानतात. भलतंच कोणीतरी ओ देतं, आणि ओ देणाऱ्याच्या मागे जावं लागतं. म्हणून अठरा वर्षांत पल्याडकडे तोंड करून कुणी गळा सोडला नव्हता. गुराखीसुद्धा त्या अंगाला गुरं हाकताना तोंड मिटून घेत. पोरांनी चुकून आरोळी ठोकली तर थोबाडीत बसे. हे पाळलं नसतं, तर पहिल्याच आठवड्यात सगळं उघड झालं असतं.

"असलं बोलू नगंस," नाना म्हणाले. "शिकलीस म्हनून काय झालं."

प्रणिता उठली आणि एकटीच पावसात उतरली. मागून आईची हाक आली, मग पावलं आली. दरीच्या तोंडाशी सपाट खडक होता. पाऊस तेवढ्यात ओसरून बारीक झाला होता. समोर पांढरंफटक धुकं, त्यात काहीच नाही. प्रणिताने लहानपणी आईकडून शिकली होती तशी पोटातून हवा भरली. तिलाही भीती वाटत होती. विज्ञान शिकून ही भीती जात नाही, हे तिला त्या खडकावर कळलं. तिने डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला.

सूर धुक्यात गेला आणि विरला. थोडा वेळ ओढ्याशिवाय काही नव्हतं.

मग पल्याडहून ओ आली. लांब, खणखणीत, शेवटी किंचित वर चढणारी.

"इंदू," आई म्हणाली.

ती प्रणिताला ओलांडून खडकाच्या कडेला गेली. प्रणिताने तिचा दंड धरला. आईचा चेहरा भीतीने आणि आनंदाने असा उजळला होता की प्रणिताला बघवेना. घरात सगळे म्हणायचे, प्रणिताचा गळा मावशीवर गेलाय. आईने छाती भरून हाळी दिली. ओ आली. या वेळी ती जरा घोगरी होती, वयस्क, मध्ये चिरकलेली. आईने पुन्हा दिली. पुन्हा तीच आली, तिथंच चिरकलेली. तिसऱ्यांदा तिने सूर अर्ध्यातच तोडला. ओसुद्धा अर्ध्यात तुटली.

आई तिथंच खाली बसली.

 मागे नाना आणि बाकीचे येऊन उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. एकाने देवाचं नाव पुटपुटलं.

"हे कवाधरनं?" आईने विचारलं.

"कातळ उघडा पडल्यापासून."

"म्हंजे त्या सांजंला..."

"हो."

"मग ती कवा गेली?"

"दुपारी. जेवणाच्या वेळेला असेल."

आई हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिली. "पल्याडच्या दगडूतात्याला तिसऱ्या दिशी मातीतनं जित्ता काढला हुता," ती म्हणाली. "मरस्तवर एकच बोलत हुता, ताटावरनं उठलो न्हाई, ताटावरनं उठलो न्हाई. आमी म्हनलं, भरमलाय." ती थांबली. "तिसऱ्या दिसापातूर जित्ता हुता त्यो. आनि मी पोरांस्नी सांगितलं, पहारी ठिवा, चुली पेटवा."

प्रणिता तिच्याजवळ बसली. काहीतरी म्हणायला हवं होतं, तुझा काय दोष, कुणालाही ओच वाटली असती. ते खरंही होतं. पण खरं असून ते आईच्या काही उपयोगाचं नव्हतं, हे तिला दिसत होतं. तिने नुसता आईच्या पाठीवर हात ठेवला. लुगडं चिंब झालं होतं.

"तिनं माझी हाळी ऐकलीच न्हाई मग," आई म्हणाली.

"नाही."

आई उठली. प्रणिताचा आधार तिने घेतला नाही. नानांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्यापुढे ती कायम पदर सावरून, खाली बघून बोलायची. आता तिने सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"भावजी, गुरांची दावी सोडा. वाडी खाली काढा."

"वैनी, अजून पाऊस—"

"पाऊस मोजू नगासा. त्यो दुपारीच आला हुता, ताटावर. ओ मीच दिली हुती. तवा तुमी माझं ऐकून पहारी ठिवल्या. आता माझं ऐकून उचला."

 नानांनी घोंगडं खांद्यावर घट्ट ओढलं आणि ते वाडीकडे वळले.

*

शाळा नदीच्या पलीकडच्या माळावर, वाडीच्या बरोबर समोर. सगळी वाडी त्या दिवशी उजेड असेतोवर तिथं उतरली. घसरणीवर एक म्हैस गेली, माणूस एकही नाही. वर्गांत धुराने डोळे चुरचुरत होते, पोरं बाकांवर उड्या मारत होती, बायका कुणाचं काय राहिलं यावरून एकमेकींना टोमणे मारत होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने जेवायला नाही म्हटलं नाही, पण घासही मोडला नाही.

प्रणिताच्या फोनमध्ये कुलसुमने काहीतरी पाठवलं होतं. त्या निरोपातला पाऊस काढून उरलेला, स्वच्छ केलेला आवाज. "आईंना हवा असेल तर. नको असेल तर मी पुसते," असं खाली लिहिलं होतं. प्रणिताने आईला विचारलं.

"त्यात इंदू न्हाई," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुसू नगंस पर. अठरा वरीस तिचाच म्हनून ऐकलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस तसाच लागून राहिला, ना वाढला, ना थांबला. भोंगा गप्प होता. दुपारपर्यंत लोक कंटाळले. कुणी म्हणालं, जाऊन दूध काढून येतो. कुणी म्हणालं, चुलीवर झाकण ठेवायचं राहिलं. प्रणिताकडे बघणं लोक टाळत होते. तिचा स्वतःचाही धीर सुटत चालला होता. आकडा एकदा चुकला होता, तो दुसऱ्यांदा का चुकणार नाही?

जेवणं होत असताना पायाखालची फरशी थरथरली. एवढंच. आवाज असा काही आला नाही. नदीचा लोंढा आधीच इतका होता की त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ताटावरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दोघे-तिघे दारात गेले. समोर धुकं होतं, काल होतं तेवढंच, तसंच. वाडी आहे की नाही ते कुणालाही सांगता येईना. नानांनी डोळे ताणून पाहिलं आणि मान हलवली. भोंगा वाजला नव्हता.

"ओढा फुटला असंल," कुणीतरी म्हणालं.

आई उठली. पोरांमधून वाट काढत ती व्हरांड्यात आली, पायऱ्या उतरली आणि माळाच्या कडेला जाऊन उभी राहिली. प्रणिता मागोमाग गेली, पण तिच्याजवळ गेली नाही. आईने वाडीकडे तोंड केलं. जन्मभर त्या वाडीतून ती दुसरीकडे हाळी देत आली होती, वाडीला हाळी द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. अल्याडचा उतारही झाडीचा, मातीचा, पेंढ्याच्या गंजींचा. आवाज गिळणारा. इथून पोरं रोज ओरडत, आणि कधी काही परत आलं नव्हतं.

तिने पदर कमरेला खोचला, श्वास भरला आणि हाळी दिली.

वर्गातली पोरंसुद्धा गप्प झाली.

वाडीने ओ दिली.

ओ लांब होती, स्पष्ट होती, मध्ये जराशी चिरकलेली. आईने दुसऱ्यांदा हाळी दिली नाही. नानांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली. दारातली माणसं एकेक करून आत गेली आणि घरातलं कोण कुठं आहे ते नावानिशी मोजू लागली. सगळी होती. आई धुक्याकडे पाहत तशीच उभी राहिली, आणि प्रणिता तिला आत बोलवायला गेली नाही.